कामाकुराचा बुद्ध: फोटोतला आणि जागेवरचा

जपान पाहून आलेल्या प्रवाशाच्या फोटोंत कामाकुराचा बुद्ध हटकून असतो. कोतोकुइन मंदिराच्या आवारात उघड्यावर बसलेली अमिताभ बुद्धाची ही ब्राँझची मूर्ती सुमारे 11.3 मीटर उंच आहे. ओट्यासह ती तेरा मीटरांच्या वर जाते. वजन सुमारे 121 टन. फोटो मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच निघतो: समोरून, बरोबर मधोमध, मागे झाडी आणि वर मोकळे आकाश. आकाशाच्या छताखाली ध्यानस्थ बसलेला बुद्ध हीच या मूर्तीची ओळख, किंबहुना हेच तिचे सौंदर्य, असे आता सगळेच मानतात. मला हे मान्य नाही. उघड्यावर बसणे ही या मूर्तीवर आलेली आपत्ती होती. त्या आपत्तीचे रूपांतर सौंदर्यात झाले ते मुख्यतः प्रवासी छायाचित्रामुळे, आणि त्या भरात मूर्ती कशी पाहावी याविषयी मूर्तिकाराने स्वतः करून ठेवलेली योजना आपल्या नजरेआड गेली.

पुरावा मूर्तीपासूनच सुरू होतो. ‘अझुमा कागामी’ या कामाकुरा राजवटीच्या बखरीनुसार जोको नावाच्या भिक्षूने वर्गणी गोळा करून 1238 साली महाबुद्धाच्या कामाला आरंभ केला आणि 1243 साली त्याची प्रतिष्ठा झाली. ती पहिली मूर्ती लाकडी होती. ब्राँझच्या मूर्तीचे ओतकाम 1252 साली सुरू झाले. (बखरीत या मूर्तीला शाक्यमुनी म्हटले आहे, हातांची मुद्रा मात्र निःसंशय अमिताभाची आहे. बखरकाराची चूक झाली असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात.) मूर्तीवर मोठा मंडप होता. त्याच्या खांबांच्या पायाचे 56 दगड आजही आवारात आहेत. 1334 आणि 1369 सालच्या वादळांत मंडप कोसळला. 1498 सालच्या त्सुनामीने तो कायमचा वाहून नेला, असे सर्रास सांगितले जाते. पण 1486 साली तिथे येऊन गेलेल्या एका भिक्षूने मूर्तीवर मंडप नसल्याचे लिहून ठेवले आहे. तेव्हा त्सुनामीच्या कथेवर फार विसंबू नये. मंडप नेमका केव्हा गेला याविषयी मतभेद असू शकतात. तो होता, याविषयी नाहीत.

आता मूर्तीच्या अगदी जवळ जाऊ. उजव्या गालावर, कानाच्या बाजूला, सोन्याच्या मुलाम्याच्या खुणा अजून दिसतात. म्हणजे आज हिरवट दिसणारी ही मूर्ती एके काळी सोनेरी होती, आणि मंडपाच्या अंधारात दिव्यांच्या उजेडात ती कशी झळकत असेल याची कल्पना येते. डोके अंगाच्या मानाने मोठे आहे, पाठीला किंचित बाक आहे, मान पुढे झुकली आहे, पापण्या अर्ध्या मिटलेल्या आहेत. लांबून हे प्रमाण खटकते. पायाशी उभे राहून वर पाहिले की तेच डोके नेमके बसते आणि झुकलेली नजर खाली उभ्या असलेल्या माणसावर येऊन थांबते. अशा मूर्तींत डोळ्यांना किती मोल असते ते जपानच्याच इतिहासात दिसते: नारा येथील तोदाइजीच्या महाबुद्धाचे नेत्रोन्मीलन 752 साली बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले होते. कामाकुराच्या मूर्तिकाराचे नाव आपल्यापर्यंत पोचलेले नाही, पण दर्शन कुठून घ्यायचे हे त्याने पुरते ठरवले होते.

कॅमेरा आला तो नेमका या जागेवरून मागे सरकला. 1859 साली योकोहामा बंदर परदेशी व्यापाऱ्यांना खुले झाले. करारांप्रमाणे त्यांना बंदरापासून दहा ‘री’, म्हणजे सुमारे चाळीस किलोमीटर, एवढ्याच टापूत हिंडण्याची मुभा होती. कामाकुरा त्या टापूत येत होते, आणि मुख्यतः एवढ्या कारणाने ही मूर्ती जगाला माहीत झाली. फेलिचे बियातो हा छायाचित्रकार 1863 साली योकोहामात आला आणि लवकरच त्याने महाबुद्धाचे फोटो काढले. हा तोच बियातो, ज्याने 1858 साली लखनौच्या सिकंदरबागेत उठावात मारल्या गेलेल्यांची हाडे अंगणात विखुरलेली दाखवली. ती हाडे फोटोसाठी मुद्दाम मांडली होती, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. चौकटीत कोण, कुठे आणि कशासाठी असावे याचा हिशेब त्याच्या कामात सतत दिसतो. कामाकुराच्या त्या काळच्या फोटोंतही ओट्यावर, पायऱ्यांवर माणसे बसवलेली आहेत. ती हात जोडत नाहीत, वर पाहत नाहीत. मूर्ती किती मोठी हे कळावे एवढ्याचसाठी ती तिथे आहेत, भिंतीला टेकवलेल्या मोजपट्टीसारखी.

दुसरी करामत रसायनांची. त्या काळी काचेवर कोलोडियनचा ओला थर चढवून तो वाळण्याच्या आत फोटो घ्यावा लागे. हा थर निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि हिरव्याला जवळजवळ आंधळा. त्यामुळे आकाश कोरे पांढरे उमटे, झाडी काळी पडे आणि या दोहोंमध्ये मूर्ती जगापासून सुटी झाल्यासारखी दिसे. ज्या एकांताचे पुढे इतके कौतुक झाले, त्यातला बराचसा या काचेवर तयार झाला आहे. पुढे श्टिलफ्रीड, फारसारी, कुसाकाबे किंबेई यांच्या स्टुडिओंनी हाताने रंगवलेले असे फोटो आल्बममध्ये घालून प्रवाशांना विकले. किंबेई स्वतः जपानी होता. तरी चौकट तीच राहिली, कारण गिऱ्हाईक तेच होते.

यावर पहिला आक्षेप असा की, कॅमेरा येण्याआधी साडेतीनशेहून अधिक वर्षे मूर्ती उघड्यावरच होती. छायाचित्रकाराने जे होते ते टिपले, त्यात त्याचा काय दोष? मंडप त्याने पाडला नाही, हे खरेच. पण मंडप गेल्यावरही दर्शनाची जागा गेली नव्हती. अठराव्या शतकाच्या आरंभी युतेन या भिक्षूने नोजिमा शिन्झाएमोन या व्यापाऱ्याच्या मदतीने दुरवस्थेतल्या या स्थानाचा जीर्णोद्धार केला, तो इथे पूजा चालावी म्हणून. पोकळ मूर्तीच्या आत शिरून पाहणारे हौशी लोकही येत असत, पण तेही मूर्तीच्या अंगाशी येत. सगळी मूर्ती चौकटीत मावावी म्हणून पंचवीस-तीस पावले मागे जाऊन उभे राहण्याची गरज फक्त कॅमेऱ्याला होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हे फोटो नसते तर 1923 सालच्या महाभूकंपाने ओट्याची मोडतोड होण्यापूर्वी तो कसा दिसत होता हे आपल्याला इतके स्पष्ट कळले असते का? 1960-61 साली मानेला आतून बळकटी दिली गेली आणि भूकंपात मूर्ती ओट्यावर सरकू शकेल अशी योजना झाली. त्याआधीच्या अवस्थेची नोंदही फोटोंत आहे. हे मी पूर्णपणे मान्य करतो, आणि माझ्या म्हणण्याला त्याने बळकटीच येते. दस्तऐवज म्हणून हे फोटो अमोल आहेत. त्यांतल्या काहींत परदेशी पाहुणे बुद्धाच्या मांडीवरच्या हातांवर चढून बसले आहेत. पूजेतली मूर्ती पाहुण्यांच्या लेखी बसायची जागा कशी झाली, याचा याहून उघड पुरावा कोणत्या ग्रंथात मिळणार? मंदिराला पुढे हे चढणे बंद करावे लागले. फोटो खोटे बोलत नाहीत. पण ते मूर्तीबद्दल जितके सांगतात तितकेच समोर उभ्या असलेल्या माणसाबद्दल सांगतात, आणि आपण त्यांतले अर्धेच वाचतो.

आजच्या मोबाइलला कोलोडियनची मर्यादा नाही, समोर माणसे बसवण्याचीही गरज नाही. तरीही बियातोच्या काळची जागा आपण सोडलेली नाही. धूपपात्र, दानपेटी, पुढ्यातली फुले आणि हात जोडून उभा असलेला एखादा वृद्ध जपानी चौकटीत आला तर फोटो बिघडला असे वाटते आणि आपण तो माणूस बाजूला होण्याची वाट पाहतो. मराठी घरांतून आता पुष्कळ लोक जपानला जातात. त्यांना विनंती आहे की, नेहमीचा फोटो अवश्य काढा. पण मग धूपपात्र ओलांडून थेट ओट्यापाशी जा, मान वर करून त्या नजरेखाली थोडा वेळ उभे राहा आणि उजव्या गालावरचे सोने शोधा. परतताना आवारातले मंडपाचे दगडही पाहा आणि त्यांचाही एक फोटो आल्बममध्ये ठेवा.