बंद दाराचा सिनेमा (लेखांक ५) : बाहेर प्रलय, आत हॉवर्ड

मिशेलच्या हातात किल्ल्या आहेत. मागचं दार तिने बंद करून घेतलंय. त्याच्या काचेपलीकडून हॉवर्ड ओरडून विनवतोय, बाहेरचं दार उघडू नकोस. ती त्या दुसऱ्या दारापाशी पोचते तोच बाहेर एक बाई येते आणि आत घ्या म्हणून गयावया करू लागते. तिच्या चेहऱ्याची कातडी सोलवटलेली आहे. मिशेल थबकते. बाईची विनवणी पाहता पाहता संतापात बदलते, ती काचेवर डोकं आपटू लागते. काचेवर रक्त उमटतं. मिशेल दार उघडत नाही.

'टेन क्लोव्हरफिल्ड लेन' (२०१६) या चित्रपटाच्या पूर्वार्धातलाच हा प्रसंग. आजच्या लेखासाठी मी हा चित्रपट निवडला तो याच्यामुळे. एखाद्या माणसाने आपल्याला तळघरात डांबलंय, बाहेरची हवा विषारी झाली आहे असं तो सांगतोय, तर तो खरं बोलतोय की खोटं? दुसऱ्या कुणी हा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत ताणला असता. इथे त्याचं उत्तर लवकर मिळतं. बाहेर खरोखरच काहीतरी भयंकर घडलं आहे, हॉवर्ड खरं बोलत होता. आणि चित्रपटाला जे म्हणायचं आहे ते इथून पुढे सुरू होतं: धोक्याबद्दल खरं बोलणारा माणूस स्वतः धोकादायक असू शकतो.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी आधी तो पाहून मग पुढे वाचावं. पुढे सगळं उलगडून लिहिलं आहे, त्याशिवाय रचना समजावून सांगता येणार नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. मिशेल (मेरी एलिझाबेथ विन्स्टेड) होणाऱ्या नवऱ्याशी भांडून, अंगठी मागे ठेवून घर सोडते. हा सगळा भाग संवादाविना, फक्त बेअर मॅक्रिअरीच्या संगीतावर उलगडतो. रात्री लुईझियानातल्या रस्त्यावर तिच्या गाडीला अपघात होतो. शुद्ध येते तेव्हा ती एका काँक्रीटच्या खोलीत असते. हाताला सलाईन, गुडघ्याला आधारपट्टा, पाय साखळीने पाइपला बांधलेला. हॉवर्ड (जॉन गुडमन) हा नौदलात राहिलेला शेतमालक तिला सांगतो की देशावर हल्ला झाला आहे, वरचे सगळे मेले आहेत आणि मी तुझा जीव वाचवला आहे. तिसरा एमेट (जॉन गॅलगर ज्युनिअर), हे तळघर बांधायला ज्याने मजुरी केली तो तरुण. बाहेरचा प्रकाश बघून तो आपण होऊन आत घुसला, त्यात त्याचा हात दुखावला. म्हणजे एक डांबलेली, एक धडपडून आत आलेला, एक मालक. तिघांचं त्या दाराशी असलेलं नातं वेगवेगळं आहे आणि पुढचं सगळं नाट्य या फरकातून निघतं.

दिग्दर्शक डॅन ट्रॅक्टनबर्ग यांचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. जॉश कँपबेल आणि मॅथ्यू स्ट्युकेन यांच्या मूळ संहितेचं नाव 'द सेलर', म्हणजे तळघर. 'क्लोव्हरफिल्ड' या २००८ सालच्या राक्षसपटाशी तिचा काही संबंध नव्हता. डेमियन शझेल यांनी तिचं पुनर्लेखन केलं. ते दिग्दर्शनही करणार होते, पण 'व्हिपलॅश'कडे वळले. जे. जे. एब्रम्स यांच्या 'बॅड रोबॉट' या निर्मितीसंस्थेने तिला 'क्लोव्हरफिल्ड'च्या छत्राखाली आणलं. जानेवारी २०१६ मध्ये अचानक ट्रेलर आला, तेव्हा हे नाव लोकांना कळलं, आणि ११ मार्चला चित्रपट अमेरिकेत प्रदर्शितही झाला. सुमारे दीड कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने जगभरात ११ कोटींच्या आसपास कमाई केली. या जोडणीचा एक परिणाम शेवटाबद्दल बोलताना लक्षात घ्यावा लागेल.

तळघरात लपून प्रलय टाळायचा, ही कल्पना अमेरिकेत आकाशातून पडलेली नाही. जुलै १९६१ मध्ये बर्लिनच्या पेचप्रसंगात अध्यक्ष केनेडींनी दूरचित्रवाणीवरून केलेल्या भाषणात अणुहल्ल्यापासून बचावासाठी आश्रयस्थानांची गरज मांडली. त्यानंतर घराघरांत अंगणाखाली खोल्या खणण्याची चर्चा सुरू झाली. शेजारी आला तर त्याला आत घ्यायचं का, हा प्रश्न तेव्हा गांभीर्याने विचारला जात होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'द ट्वायलाइट झोन' या मालिकेत रॉड सर्लिंग यांनी लिहिलेला 'द शेल्टर' हा भाग दाखवला गेला. त्यात एका डॉक्टरच्या तळघरात शिरण्यासाठी त्याचेच शेजारी दार फोडतात आणि मग कळतं की हल्ला झालेलाच नाही. सर्लिंग यांनी दाराबाहेरच्या गर्दीकडे बघितलं. अर्धशतकानंतर ट्रॅक्टनबर्ग दाराच्या आत बघतात: ज्याच्याकडे किल्ली आहे त्याचं काय होतं?

आता रचनेकडे येऊ. या लेखमालेत 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' (१९५७) बघताना आपण पाहिलं की सिडनी ल्युमेट हळूहळू लांब पल्ल्याच्या भिंगांकडे जातात, कॅमेरा खाली आणतात आणि खोली आवळत जाते. पण त्या बारा जणांना संध्याकाळी घरी जायचं असतं. प्रलयाच्या चित्रपटात घरच उरलेलं नसतं. त्यामुळे दार उघडण्याची इच्छा आणि दार उघडण्याची भीती एकाच पात्राच्या मनात सारख्याच ताकदीने नांदू शकतात. एका जागेतल्या प्रलयपटाचा खरा फायदा हा आहे, पैशांची बचत नंतरची.

हा झगडा जिवंत ठेवण्यासाठी चित्रपट आपल्याला पुराव्याचे तुकडे देतो, आणि प्रत्येक तुकडा आधीच्याला छेद देतो. वरून गाडीचा आवाज येतो, म्हणजे बाहेर कुणी जिवंत आहे. हॉवर्ड काचेतून मेलेली डुकरं दाखवतो, म्हणजे हवेत काहीतरी आहे. त्याच खिडकीतून त्याचा ट्रक दिसतो आणि मिशेलला आठवतं की आपल्या गाडीला धडकला तो हाच. म्हणजे अपघात त्याने घडवला. दारातली बाई येते, म्हणजे तो खरं बोलत होता. मग तो कबूल करतो की धडक त्याच्याच हातून बसली, पण घाबरून, जीव घेऊन पळताना. आपण मिशेलहून जास्त काहीच जाणत नाही. तिच्यासोबत विश्वास ठेवतो, तिच्यासोबत तो काढून घेतो. जेफ कटर यांचा कॅमेरा सतत तिच्या नजरेच्या उंचीवर, तिच्या खांद्यापाशी राहतो, त्यामुळे हॉवर्ड दारात उभा राहिला की दार उरतच नाही.

आणि मग मधला सुखाचा काळ. जुकबॉक्सवर साठच्या दशकातली गाणी लागतात, जिगसॉ जुळवले जातात, व्हिडिओ कॅसेटवर सिनेमे बघितले जातात. हा भाग मला फार मोलाचा वाटतो, कारण इथे आपणही सैलावतो. तळघर राहण्याजोगं वाटू लागतं. मिशेल एमेटला सांगते की एका दुकानात एक बाप आपल्या लहान मुलीला ओढत-मारत नेत होता आणि ती नुसती बघत राहिली, काही करू शकली नाही. एमेट सांगतो की धावण्याच्या जोरावर त्याला महाविद्यालयाची शिष्यवृत्ती मिळाली होती, पण ऐनवेळी तो बसमध्ये चढलाच नाही. बंद खोलीतल्या पात्रांना भूतकाळ असा बोलूनच उभा करावा लागतो, आणि बहुतेक चित्रपट इथे कंटाळवाणे होतात. इथे तसं होत नाही. दोन्ही कबुल्या दाराजवळ थांबलेल्या माणसांच्या आहेत आणि दोन्हींचा हिशेब पुढे चुकता होतो.

हवा शुद्ध करणारं यंत्र बिघडतं तेव्हा अरुंद नळीतून जाऊ शकणारी एकटी मिशेलच. ती यंत्राच्या खोलीत पोचते आणि छताकडच्या झडपेच्या काचेवर तिला 'वाचवा' अशी हाक ओरखडलेली दिसते. आतल्या बाजूने. शेजारी रक्ताळलेलं कानातलं. हॉवर्डने आपली मुलगी मेगन म्हणून ज्या मुलीचा फोटो दाखवला होता, तिच्याच कानातलं. एमेट तो फोटो बघतो आणि ओळखतो: ही मेगन नाही, ही गावातून बेपत्ता झालेली मुलगी. प्रलयाच्या आधीच या तळघरात कुणीतरी कैद होतं. बाहेरचं संकट हे हॉवर्डला लाभलेलं निमित्त आहे, हे आपल्याला कळतं आणि चित्रपटाचं वजन एका झटक्यात बदलतं.

पण सगळ्यात उत्तम लिहिलेला प्रसंग त्यानंतरचा, शब्द ओळखण्याच्या खेळाचा. एका चिठ्ठीवर 'लिटल विमेन' या कादंबरीचं नाव आहे. एमेट मिशेलकडे बोट दाखवून हॉवर्डला विचारतो, ही कोण आहे? हॉवर्ड म्हणतो मुलगी, लहान मूल, राजकन्या. त्याच्या तोंडी 'स्त्री' हा शब्द येतच नाही. समोर बसलेली कमावती, निर्णय घेणारी बाई त्याला दिसतच नाही. मग हॉवर्डची पाळी. मी सगळं बघत असतो, तुम्ही काय करता ते मला ठाऊक असतं, असं तो म्हणत राहतो, आणि पळून जाण्याचा बेत रचणारे दोघे गोठून जातात. उत्तर निघतं सांताक्लॉज. मराठी वाचकाला इथे तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवावं. तिथेही एक खोली, बाहेरून लागलेली कडी, आणि वेळ घालवायला मांडलेला खेळ. त्या खेळातच माणसं स्वतःला उघडी पाडतात आणि लीला बेणारेला जायला वाट राहत नाही. बंद जागेच्या नाट्याचं हे एक खात्रीचं तंत्र आहे. गप्पांमध्ये माणूस सावध असतो, खेळात नसतो.

गुडमन यांच्याविषयी थोडं सविस्तर लिहायला हवं. अमेरिकी प्रेक्षकांनी त्यांना 'रोझॅन' या मालिकेत १९८८ पासून वर्षानुवर्षं प्रेमळ, थकलेला, कष्टकरी बाप म्हणून पाहिलं. तीच ऊब ते इथे घेऊन येतात आणि तिच्यात विष कालवतात. हॉवर्ड जेवायला वाढतो, जखमेची काळजी घेतो, आणि त्याला मोबदल्यात कृतज्ञता हवी असते, ती पुरेशी दिसली नाही तर टेबलावर मूठ आदळते. एमेटला गोळी घातल्यावर तो दाढी करून, स्वच्छ कपडे घालून, आइस्क्रीम घेऊन मिशेलकडे येतो. आता आपण दोघंच, आता सगळं नीट होईल, असा त्याचा भाव. एवढं भयंकर दृश्य या चित्रपटात दुसरं नाही, आणि त्यात हिंसा कुठेच नाही. गुडमन हॉवर्डला वेडा म्हणून रंगवत नाहीत. आपण उपकार केले आहेत याची त्याला मनापासून खात्री आहे.

२०२० नंतर हा चित्रपट वेगळा दिसतो. टाळेबंदीत घरात राहणं गरजेचं होतं, बाहेरचा रोग खरा होता. त्याच काळात राष्ट्रीय महिला आयोगाकडे घरगुती हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्या. बाहेर जाऊ नका हे सांगणं बरोबर होतं, आणि तरीही अनेकींसाठी आतलं दार हाच धोका होता. चार वर्षं आधी आलेला चित्रपट ही कोंडी इतक्या नेमकेपणाने मांडतो, हे आज पुन्हा पाहताना अंगावर येतं.

शेवटाबद्दल वाद आहेत. मिशेल न्हाणीघराचा बदकांच्या चित्रांचा पडदा शिवून संरक्षक पोशाख बनवते (तिला कपड्यांची डिझायनर व्हायचं आहे, हे आपल्याला आधीच कळलेलं असतं), आम्लाचं पिंप हॉवर्डच्या पायाशी कलंडवते आणि बाहेर पडते. आकाशात पक्षी दिसतात, म्हणजे हवा श्वास घेण्याजोगी आहे. ती मुखवटा काढते. आणि मग येतं परग्रहवासीयांचं यान. ती दारूच्या बाटलीचा बाँब करून ते पाडते. 'क्लोव्हरफिल्ड' या नावाचं देणं इथे फेडलं गेलं आहे. इतका वेळ आपण जिची बुद्धी, हातांचं कसब आणि भीती जवळून पाहिली, ती अचानक मोठ्या पडद्यावरच्या धुमश्चक्रीत लहान होते. यानाचा पाठलाग निम्म्याने कापला असता तरी काही बिघडलं नसतं.

पण यान असायलाच नको होतं, या मताशी मी सहमत नाही. ते नसतं तर हॉवर्ड निव्वळ खोटारडा ठरला असता, आणि खोटारड्यापासून सुटका ही खूप सोपी गोष्ट आहे. शिवाय त्यानंतरची दोन मिनिटं या चित्रपटाने कमावलेली आहेत. गाडीतल्या रेडिओवर सूचना येते: वाचलेल्यांनी बॅटन रूजकडे यावं, आणि ज्यांना वैद्यकीय किंवा लढाईचा अनुभव आहे त्यांची ह्यूस्टनला गरज आहे. दुकानात नुसती बघत राहिलेली मिशेल चौकात गाडी थांबवते आणि ह्यूस्टनकडे वळते.

एका जागेतल्या प्रलयपटांपैकी गेल्या वीस वर्षांतला हा मला सर्वांत काटेकोर लिहिलेला चित्रपट वाटतो, शेवटची लांबण धरूनही. पुन्हा पाहणार असाल तर खेळाच्या प्रसंगात मिशेलपेक्षा एमेटच्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. पुढच्या आठवड्यात कॅनडातला 'पाँटिपूल' (२००८) घेऊ. तिथे प्रलय एका रेडिओ केंद्रात फक्त ऐकू येतो. शक्य झालं तर तो आधी पाहून ठेवा.