कोंबडी आरवली, बरं मग?

‘कोंबडी आरवली, आता घरात काहीतरी इघ्न येनार, कापा तिले.’ बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली जळगाव जामोदकडे जा की घाटावर चिखली-मेहकरकडे, परसात दहा-बारा कोंबड्या असलेल्या घरात हे वाक्य कधी ना कधी कानावर पडतंच. बोलणारा अडाणी असतो असंही नाही. सोयाबीनवर अळी दिसली की तो कृषी सहायकाला फोन करतो. कोंबडी आरवली की मात्र थेट सुरी शोधतो.

आधी ती खरंच कोंबडी आहे का ते बघा. आठवडी बाजारातल्या मिश्र पिलांत नर-मादी ओळखणं अवघड, त्यामुळे तलंग म्हणून घेतलेलं पिलू दोन-तीन महिन्यांनी आरवू लागतं. पाठीवर शेपटीच्या मुळाशी असलेलं पीस चिमटीत धरा. नराचं लांब, टोकदार आणि चकचकीत असतं, मादीचं टोकाला गोलसर. टोकदार निघालं तर अपशकुन वगैरे काही नाही, तुम्हाला नर विकला गेला एवढंच.

खरोखरची कोंबडी आरवत असेल, तर कारण तिच्या पोटात सापडण्याची शक्यता मोठी. कोंबडीचं डावं अंडाशयच काम करतं, उजव्या बाजूचं अर्धवट अवस्थेतच राहून जातं. डाव्यात गाठ झाली किंवा ते रोगाने निकामी झालं की मादीचं संप्रेरक आटतं. मग कधीकधी उजवीकडचा तो सुप्त अवयव वाढू लागतो, आणि वाढतो तो वृषणासारखा. नराचं संप्रेरक रक्तात उतरतं. तुरा मोठा होतो, पुढच्या पीसझडीनंतर पिसारा बदलतो, अंडी बंद होतात आणि एके दिवशी ती आरवते. गुणसूत्रं मादीचीच राहतात. आधी अंडी देणारी आणि नंतर चक्क पिलांची बाप झालेली कोंबडी एडिंबरोच्या एफ. ए. ई. क्रू यांनी १९२३ मध्ये नोंदवली होती. इतकी मजल फारच विरळ. नुसतं आरवणं त्या मानाने पुष्कळदा दिसतं. शिवाय नर नसलेल्या कळपात एखादी वरचढ कोंबडी आरवते आणि अंडीही देत राहते, असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

हे खूळ फक्त आपल्याकडचं नाही. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात १४७४ मध्ये अंडं घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्यावर खटला चालला आणि त्याला जाळण्यात आलं. इंग्लंडच्या खेड्यांत आरवणारी कोंबडी आणि शिट्टी वाजवणारी बाई एकाच म्हणीत बसवल्या होत्या, दोघीही नकोशा. बाईजातीने आवाज चढवला की घराचं वाटोळं होतं, ही समजूत कोंबडीपर्यंत पोचली ती अशी. आणि सोयाबीनचा भाव पडायला आपल्याकडे कोंबडी आरवावी लागत नाही.

मग करायचं काय? तिला मांडीवर घ्या आणि शेपटीखालची दोन टोकदार हाडं चाचपा. मध्ये दोन-तीन बोटं मावत असतील तर ती अंड्यावर आहे, तिला आरवू द्या. हाडं चिकटलेली असतील आणि महिनोन् महिने अंडं नसेल, तर खाद्याचा हिशोब करून ठेवायची की नाही ते ठरवा. पोट फुगलेलं असेल, ती मरगळलेली असेल, तर पशुवैद्यकाला दाखवा.

बाकीचे गैरसमज झटपट उरकू. अंडं घातल्यावर कोंबडी ओरडते ती दुखतं म्हणून नव्हे, ही तिची नेहमीचीच रीत. एका अंड्याला साधारण २४ ते २६ तास लागतात, म्हणून हा गलका रोज थोडा पुढे सरकतो आणि शेजाऱ्यांना ती कधीही ओरडते असं वाटतं. एका खोक्यावर सगळ्यांची झुंबड उडत असेल तर आवाज वाढणारच. चार-पाच कोंबड्यांमागे गवत घातलेलं एक खोकं ठेवा. भर दुपारी माना वर करून एकसारखा कलकलाट चालला असेल, तर दगड भिरकावण्याआधी कुंपणाकडे बघा, मुंगूस किंवा मांजर असेल. आभाळातल्या आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी कोंबडा वेगवेगळी हाक देतो, हे ऑस्ट्रेलियातल्या ख्रिस इव्हान्स यांच्या प्रयोगांनी दाखवलं आहे.

कोंबडा आरवू नये म्हणून त्यावर डालगं टाकणाऱ्यांना आपली जुनी म्हणच पुरे: कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. २०१३ मध्ये नागोया विद्यापीठातल्या शिमुरा आणि योशिमुरा यांनी कोंबडे सतत मंद उजेडात ठेवले, तरी ते शरीरातल्या घड्याळाप्रमाणे वेळेवर आरवले. कळपात पहिली बांग सर्वांत वरचढ नराची असते, हे त्यांच्याच गटाने २०१५ मध्ये दाखवलं. म्हणजे त्याला कापलात तर दुसरा पुढे येणार.

खुडूक कोंबडीला पाण्यात बुचकळू नका. तळाला जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात तीन-चार दिवस वेगळी ठेवा. कोंबडा नसला तर अंडी मिळत नाहीत, हेही खोटं. तो फक्त पिलांसाठी लागतो.

घाबरायचंच असेल तर रात्री खुराड्यातून येणाऱ्या घरघरीला घाबरा. चोच उघडून श्वास, हिरवट पातळ विष्ठा, वाकडी होणारी मान ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लक्षणं, आणि एकदा रोग शिरला की उपचार नाही. पिलांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा आणि सहा ते आठ आठवड्यांच्या वयात आरटूबी लस द्या. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, तीही पिलं घरी आणण्याआधी.