एक खाडी, दोन गावे

पूर्णगडच्या बुरुजावर उभे राहिले की मुचकुंदीचे मुख पायाशी दिसते. अलीकडे पूर्णगड, पलीकडे गावखडी. लहानपणी आत्याकडे जाताना आम्ही ही खाडी तरीतून ओलांडत असू. तरीवाल्याला भरती-ओहोटी ठाऊक, पंचायत ठाऊक नसे. आता पूल झाला आहे, आणि गंमत अशी की पंचायत तेव्हापासूनच आठवू लागली! दोहींकडे आपापली ग्रामपंचायत.

गेल्या मे महिन्यात सहकुटुंब गेलो होतो. सकाळी पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीचे दर्शन, मग किल्ला, संध्याकाळी कशेळीचा कनकादित्य, असा बेत. किल्ल्याच्या दारच्या मारुतीला नारळ वाढवला आणि सौ. म्हणाली, "पाकीट सगळे पावसला उघडले. इथे काय, एक नारळ!" पोटात कावळे ओरडत होते. पायथ्याशी बसलेल्या एका आबांना विचारले, "पलीकडे जेवणाची सोय होईल का हो?"

"होईल की. पण आम्ही कशाला सांगू? ती गावखडीवाल्यांची पंचायत!"

बोलता बोलता कळले, आबांची लेक गावखडीतच दिलेली. सौ. लगेच म्हणाली, "म्हणजे लेक दिलेली चालते, गिऱ्हाईक दिलेले चालत नाही?"

आबा खळखळून हसले. पण मला त्यात हसण्यासारखे थोडेच वाटले. गावखडीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. पिल्ले समुद्रात सोडतात ती बहुधा भल्या पहाटे किंवा सूर्यास्ताला. पहाटेचा पाहुणा रात्री कुठेतरी टेकणारच. खोल्या दोन्ही तीरांवर आहेत. पण कोणती रिकामी, हे सांगणारी एक पाटी नाही की एक माणूस नाही. खाडीत गाळ साचतो, तोही काही पंचायत विचारून साचत नाही.

शेजारी स्थानिक संस्थांनी सामाईक कामासाठी संयुक्त समिती नेमावी, ही सोय १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. सक्ती कुणाची नाही. म्हणूनच बहुधा कुणी उठत नाही. इंग्लंडात २०१०नंतर नगरपालिका आणि उद्योजक यांच्या अशा ऐच्छिक भागीदाऱ्या निघाल्या, तब्बल ३९. पैसा मुख्यतः वरून येई. २०२४ साली सरकारने हात आखडला आणि बहुतेकांचा कारभार गुंडाळला गेला. उलट फ्रान्समध्ये १८९०च्या कायद्याने खेड्यांना एकत्र येण्याची मुभा मिळाली. खेडी आपापली वर्गणी घालतात, आणि तसले संघ आजही आहेत. माझे म्हणणे एवढेच, की दोन्ही पंचायतींनी आधी गाठीचे थोडे पैसे घालून एक पाटी आणि खोल्यांची एक यादी करावी. जिल्हा परिषदेकडे मग जावे. ती तर दोघांची एकच आहे!

असो. आबांनी डोके खाजवले, खिशातून फोन काढला आणि विचारले, "काय ग, चार माणसांचे होईल का?"

झाले. बांगड्याचे तिखले, तांदळाची भाकरी, सोलकढी. लेकीने पैसे मोजून घेतले, तेही मला आवडले. कशेळीहून परतताना तिने आम्हाला दारात थांबवले आणि बापासाठी चार भाकऱ्यांचा डबा हातात दिला. दिवेलागणीला पूल ओलांडून तो आम्हीच आबांकडे पोचवला.