चाला, पण कुठे?

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला मी रोज अर्धा तास झपझप चालायला सांगतो, तेव्हा हल्ली उलट प्रश्न येतो, 'डॉक्टर, चालायचं कुठे?' प्रश्न रास्त आहे. हमरस्त्याच्या कडेने पहाटे ट्रकच्या उजेडात चालणे यात व्यायाम कमी, धोका जास्त.

याउलट अमेरिकेत मुलाकडे सहा महिने राहून आलेल्या काही आजी-आजोबांची साखर उतरलेली दिसते. (सूनबाई गोळ्या वेळेवर देतात, हेही एक कारण!) फ्रीमाँट, क्युपर्टिनोकडून आलेले 'घरामागच्या डोंगरावर जायचो' असे सांगतात. ते डोंगर मोकळे कसे राहिले, हे वाचकांनी समजून घ्यावे.

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला पाणीपुरवठा संस्थेकडे गरजेपेक्षा जास्त डोंगराळ जमीन होती. 1934 साली, ऐन मंदीत, लोकांनी ती उद्यानांसाठी राखण्याकरिता मतदान करून स्वतःवर कर बसवून घेतला. करपात्र किमतीच्या दर 100 डॉलरमागे 5 सेंट! त्यातून 'ईस्ट बे रीजनल पार्क डिस्ट्रिक्ट' उभी राहिली. आज तिच्याकडे 73 उद्याने आणि सुमारे सव्वा लाख एकर जमीन आहे. फ्रीमाँटचे मिशन पीक तिचेच. उपसागराच्या पश्चिमेला 1972 साली अशीच दुसरी संस्था मतदानाने स्थापन झाली. तिच्यासाठी 2014 साली 30 कोटी डॉलरचे रोखे काढायला दोन तृतीयांश मते हवी होती, तीही मिळाली.

पण जमीनमालक विकायला तयार होतो, नेमके तेव्हा सरकारी संस्थेच्या हाती पैसा नसतो. तिथे न्यास उपयोगी पडतात. 1977 साली स्थापन झालेला 'पेनिन्सुला ओपन स्पेस ट्रस्ट' देणग्यांतून जमीन घेऊन ठेवतो व पुढे उद्यानसंस्थेकडे सोपवतो. कधी जमीन घेतच नाहीत. मालक मोबदला घेऊन बांधकामाचा हक्क कायमचा सोडतो, शेती मात्र करत राहतो. जमीन विकली तरी हा करार नव्या मालकाला बांधतो.

ऑकलंडच्या एका बालरुग्णालयातील डॉक्टर तर कुटुंबांना उद्यानात जाण्याचा सल्ला औषधासारखा लिहून देत. 78 पालकांवरील त्यांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातली उद्यानभेट वाढली, तसा पालकांवरचा ताण कमी झालेला आढळला.

आपल्याकडेही एक एकराच्या वरच्या ले-आउटमध्ये 10 टक्के ओपन स्पेस सोडावी लागते. ती नकाशावर असते. प्रत्यक्षात तिथे मंडप, गाड्या किंवा कचरा दिसतो. आपल्या कॉलनीतली कुठे आहे, हे मंजूर नकाशा मागवून जरूर पाहा. शंभर पावलांची फेरी मारता येईल एवढी जागा साफ झाली, तरी जेवणानंतरच्या पंधरा मिनिटांना ती पुरते.

मुलांकडे निघालेल्यांना एक सूचना. मिशन पीकचा चढ सुमारे दोन हजार फुटांचा आहे आणि वाटेत सावली फारशी नाही. हृदयविकार किंवा गुडघेदुखी असल्यास खालच्या सपाट वाटेवरच फिरा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, पाण्याची बाटली विसरू नये आणि एकट्याने जाऊ नये.