कापत नाही, जोडत नाही, तरी त्याच्यावाचून अडतं

एप्रिलच्या दुपारी वेळापूरच्या शिवारात खुरपायला जाणाऱ्या बायका साडीवर पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट चढवतात, डोकं-कान टॉवेलानं बांधून घेतात. तरी गाल आणि हाताचे पंजे उघडेच राहतात. तिथल्या कातडीत अतिनील किरण शिरतात आणि पेशीतल्या डीएनएवर शेजारी असलेले दोन थायमिन एकमेकांना चिकटवून टाकतात. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन बराच मार अडवतं, सगळा नाही. चिकटलेल्या जागी डीएनएला बाक येतो आणि त्याची नक्कल करणारं विकर तिथं अडखळतं.

दुरुस्तीला प्रथिनांचा मोठा ताफा लागतो. एक्सपीसी तो बाक हेरतं. टीएफआयआयएच हा दहा प्रथिनांचा संच दोन धागे उकलतो. आरपीए चांगला धागा सांभाळून धरतं. एक्सपीएफ आणि एक्सपीजी बिघडलेला धागा दोन्ही बाजूंनी कापतात आणि साधारण तीस अक्षरांचा तुकडा निघून जातो. मग पीसीएनए नावाचं कडं डीएनएभोवती बसतं, त्याच्या आधारानं पॉलिमरेज समोरच्या चांगल्या धाग्यावरून नवी प्रत उतरवतं आणि शेवटी लायगेज सांधा जोडतं.

या सगळ्यांच्या मधोमध एक्सपीए असतं. अवघ्या २७३ अमिनो आम्लांचं हे प्रथिन स्वतः काही कापत नाही, उकलत नाही, जोडत नाही. ते एका अंगानं टीएफआयआयएचला, दुसऱ्या अंगानं आरपीएला आणि एक्सपीएफच्या जोडीदाराला, ईआरसीसी१ला, धरून राहतं. आषाढी वारीत माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामाला येते, तेव्हा चोपदार पालखी खांद्यावर घेत नाही. पण त्यानं चोप उंचावल्यावरच जमलेला समाज शांत होतो. एक्सपीएचं काम त्याच जातीचं. मला तर पेशीतलं हे सर्वांत मोलाचं काम वाटतं.

ते नसलं तर काय होतं, हे झेरोडर्मा पिगमेंटोसम या आजारात दिसतं. दोन वर्षांच्या आतच मुलाच्या चेहऱ्यावर काळे ठिपके उठतात, थोड्या उन्हानं कातडी भाजते, कोवळ्या वयात त्वचेचा कर्करोग होतो. एक्सपीए बिघडलेल्या अनेक मुलांची ऐकण्याची, चालण्याची शक्तीही हळूहळू जाते. या आजारात डीएनएची ही दुरुस्ती नीट होत नाही, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ साली दाखवलं. एक्सपीएचं जनुक कियोजी तानाका आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये जपानात शोधलं. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे. एका आजोबांची तीच प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता अशा घरात वाढते. असे ठिपके लहानपणीच दिसले तर मुलाला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावं आणि उन्हापासून कडेकोट जपावं. तेवढ्यानंही आयुष्य वाढतं.

हाच ताफा कर्करोगाच्या उपचारात आडवाही येतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणोपचारासोबत देतात ते सिस्प्लॅटिन डीएनएला चिकटूनच गाठीच्या पेशी मारतं, आणि एक्सपीएचा ताफा ते चिकटलेलं औषध कापून काढतो. अंडकोषाच्या कर्करोगाच्या पेशींत एक्सपीए फार थोडं आढळतं. हा कर्करोग सिस्प्लॅटिननं इतका चांगला बरा होण्यामागं तेही एक कारण मानतात. म्हणून केमोथेरपीपुरतं एक्सपीएला अडवून धरणारं औषध मिळेल का, याचा शोध संशोधक घेत आहेत.