वाढत्या कुत्र्याचें वजन कसें पारखावें

शेतावर राखणीसाठीं कुत्रा बाळगणाऱ्या आमच्या बंधूंकडून एक प्रश्न वारंवार ऐकूं येतो. अमुक महिन्यांच्या पिलाचें वजन किती असावें? प्रश्न सरळ दिसतो खरा, परंतु त्याचें उत्तर एका आंकड्यांत देणें म्हणजे विचारणाराची फसवणूक करण्यासारखें आहे. तें कसें, हें दोन जातींच्या तुलनेनें चांगलें ध्यानांत येईल.

बॅसेट हाउंड ही एक विलायती शिकारी जात आहे. ती मूळची फ्रान्स देशाची. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांत तिची जोपासना झाली. जमिनीस नाक लावून मंद चालीनें सशाचा माग काढणें हें तिचें काम. ह्या कुत्र्याची उंची खांद्याशीं ३३ ते ३८ सेंटिमीटर, म्हणजे सव्वा फुटाच्या आंतबाहेर; वजन मात्र साधारणपणें १८ ते २९ किलो. आतां सोलापूर, सांगली, लातूर ह्या भागांत आढळणारा आपला कारवानी पाहा. मुधोळचा कुत्रा म्हणून जो प्रसिद्ध आहे, तो ह्याचाच सख्खा भाऊबंद. त्याची उंची ७० सेंटिमीटरांच्या आसपास आणि नराचें वजन २२ ते २८ किलो. एक दुसऱ्याहून जवळजवळ दुप्पट उंच, आणि कांट्यावर दोघेही बरोबरीचे! तेव्हां २५ किलो एवढाच आंकडा ऐकून कुत्रा लठ्ठ कीं हडकुळा, हें कोण सांगूं शकेल?

मग नुसत्या नजरेनें ठरवावें, तर ह्या दोन्ही जाती नजरेस चकवितात. बॅसेटचीं छाती, मस्तक व हाडें मोठ्या कुत्र्याचीं असून पाय तेवढे आंखूड. उपजत गुणामुळें त्याच्या पायांच्या हाडांची लांबी लवकर खुंटते. अंगावरील कातडें सैल, वळ्या पडलेलें. त्याच्याखालीं दोन बोटें चरबी सांठली तरी मालकास ती जातीची ठेवणच वाटते. आणि हा जादा भार पडतो तो आंखूड पायांवर, कोपरांवर व लांब पाठीवर. अशा जातींत पुढच्या पायांतील दोन हाडांची वाढ कधीं कधीं जुळती होत नाहीं व कोपराचा सांधा नीट बसत नाहीं. त्यांत वाढीच्या वयांत वजन चढलें, म्हणजे पिलूं लंगडूं लागण्यास वेळ लागत नाहीं.

कारवानीचें ह्याच्या उलट. कातडें पातळ व ताणलेलें, केंस आंखूड, पोट वर ओढलेलें. धडधाकट कुत्र्याच्याही शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात. सहा ते दहा महिन्यांच्या वयांत तर तो नुसता लांबच लांब पायांचा सांगाडा भासतो. पाहुणा येऊन म्हणतो, "अहो, ह्याला खायला घालतां कीं नाहीं?" आणि घरधनी लाजेनें तूप-दुधाचा मारा सुरू करतो. दुसरा एखादा, ही जात सडपातळच असावयाची असें कोठें ऐकून, खरोखर उपाशी असलेल्या पिलासही अस्सल म्हणून मिरवितो. हा दुसरा प्रकार आम्हांस अधिक घातक वाटतो, कारण त्यांत अज्ञानास अभिमानाची जोड मिळते.

महसूलखात्यांत ज्यांनीं दिवस काढले, त्यांस हें नवें नाहीं. बांधावर उभें राहून पिकाची पैसेवारी एक दिसते, आणि शेतांतील तुकडा कापून, मळून, मोजल्यावर ती निराळीच निघते. कुत्र्याच्या बाबतींतही हात लावल्यावांचून पारख होत नाहीं. त्याची एक सोपी रीत आहे. आपली मूठ वळावी व दुसऱ्या हाताच्या बोटांनीं तिच्या उंचवट्यांवरून हात फिरवावा. बरगड्या अशा लागल्या तर पिलूं फार रोड. मग हात सरळ पसरून तळहाताच्या मांसल भागावर बोटें फिरवावीं. बरगड्या अशा, दाबल्यावरच लागणाऱ्या, तर पिलूं लठ्ठ. पसरलेल्या हाताच्या पाठीवरून बोटें फिरवितांना हाडें जशीं हलकेंच लागतात, तशा बरगड्या लागल्या म्हणजे बांधा योग्य समजावा. वरून पाहतां बरगड्यांमागें कंबर आंत गेलेली दिसावी. सैल कातड्याच्या जातींत प्रथम वळी बाजूस सारावी आणि मग बोटें टेकावीं. पशुवैद्य हीच परीक्षा १ ते ९ अशा श्रेणींत मांडतात. ४ किंवा ५ ही उत्तम समजतात.

कारवानीच्या बाबतींत मात्र बरगड्यांवर थांबून भागत नाहीं. चरबी आणि मांस ह्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. बरगड्या दिसोत; पण कण्याच्या दोन्ही बाजूंस, कमरेवर आणि मांड्यांत मांस घट्ट भरलेलें लागलें पाहिजे. तें असेल तर कुत्रा पळण्यास सिद्ध आहे. कण्याचे मणके करवतीच्या दांत्यांसारखे लागत असतील व मांड्या चपट्या असतील, तर तें उपासमारीचें किंवा रोगाचें लक्षण होय.

पोटावरून तर कधींच निर्णय करूं नये. पोट नगाऱ्यासारखें आणि बरगड्या उघड्या, अशीं पिलें खेडोपाडीं पुष्कळ दिसतात. लोक त्यांस खादाड म्हणतात; बहुधा तो जंतांचा खेळ असतो. गोल जंत आईच्या पोटांतूनच पिलाकडे येतात व दुधावाटेंही येतात. म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्यास, व पुढें सहा महिन्यांपर्यंत दरमहा, पशुवैद्यकीय दवाखान्यांतून विचारून जंताचें औषध द्यावें. जंत असतांना आहार वाढविणें म्हणजे फुटक्या मोटेनें पाणी काढणें.

मग कांटा निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. लहान पिलूं टोपलींत घालून ताणकांट्यावर, आणि मोठें झाल्यावर त्यास उचलून घेऊन आपण कांट्यावर उभें राहावें व आपलें वजन वजा करावें. दर आठवड्यास एकाच वेळीं, खाण्यापूर्वीं, वजन करून वहींत टिपावें. पिलाची तुलना शेजाऱ्याच्या पिलाशीं न करितां त्याच्याच मागील आठवड्याशीं करावी. वाढत्या वयांत वजन घटलें, किंवा दोन आठवडे एकाच जागीं राहिलें, तर दवाखाना गांठावा. मध्यम व मोठ्या जातींत चौथ्या-पांचव्या महिन्याच्या सुमारास पुढील पूर्ण वजनाचा निम्मा भाग भरतो. त्यानंतर वाढीचा वेग मंदावतो, त्यानें घाबरूं नये.

पिलूं गुबगुबीत तेंच निरोगी, ही समजूत मात्र सोडली पाहिजे. अमेरिकेंत ४८ लॅब्रॅडोर कुत्र्यांवर झालेला एक प्रयोग २००२ सालीं प्रसिद्ध झाला. एकाच वेताच्या पिलांच्या जोड्या लावून, आठ आठवड्यांच्या वयापासून जोडींतील एकास दुसऱ्यापेक्षां चतुर्थांश कमी अन्न दिलें. कमी खाणारीं उपाशी नव्हतीं. त्यांचा बांधा योग्य राहिला, दुसरीं लठ्ठ झालीं. आयुष्याचें मध्यमान एका गटाचें १३ वर्षें आणि दुसऱ्याचें ११.२ वर्षें भरलें. शिवाय सडपातळांस संधिवातही उशिरां जडला.

आहाराविषयीं थोडें. आपल्याकडे पिलांस भाकरी व दूध किंवा ताक घालतात. ज्वारींत प्रथिनें शेंकडा १० च्या आसपास. वाढत्या पिलास कोरड्या आहारांत निदान २२ लागतात. म्हणून निव्वळ भाकरीवर पोट भरतें, मांड्या भरत नाहींत. अंडीं, मांस, मासळी ह्यांपैकीं कांहींतरी रोज हवेंच. हाडें बळकट व्हावीं म्हणून चुन्याच्या गोळ्या चारण्याची आवड कांहींस असते. परंतु लहान पिलास जादा चुना शोषण्यापासून स्वतःस आवरतां येत नाहीं व हाडांची वाढ बिघडते. पशुवैद्यानें सांगितल्यावांचून तसें करूं नये.

बोटांस पिलूं रोड लागलें तर रोजचें अन्न दशांशानें वाढवावें, लठ्ठ लागलें तर तितकेंच कमी करावें, आणि पंधरा दिवसांनीं पुन्हां हात फिरवून पाहावा. दशांश मोजतांना घरांतील मुलें जेवतां जेवतां जे तुकडे टाकतात, तेही हिशेबांत धरावे.