वस्तीवरची पिल्ले : पहिले तीन महिने



बियाणे, खते, फवारणी यांवर आपण नेहमी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. वस्तीवरची कुत्री विते, पाच-सहा पिल्ले होतात आणि आपण म्हणतो, "जगतील ती जगतील." गाईच्या वासराला आपण असं कधी म्हणत नाही. पण ज्याच्या भरवशावर गोठा आणि कांद्याची चाळ सोडून आपण रात्री झोपतो, त्या राखणदाराला मात्र नशिबावर सोडतो!

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. मी शाळेत असताना वडिलांनी एक पिल्लू आणलं. "माणसांत मिसळलं की राखण करत नाही," या समजुतीनं आम्ही त्याला महिन्याचं असतानाच गोठ्यामागे साखळीला बांधलं. आजी भाकरी टाकायला जायची, तेवढंच माणूस त्याला ठाऊक. वर्षाचं झालं आणि एक दिवस साखळी तुटली. शेजारची मुलगी ताक न्यायला आली होती, तिच्या पोटरीचा त्यानं लचका तोडला. तिची सगळी इंजेक्शनं वेळेवर झाली, ती वाचली. पण पुढे कितीतरी दिवस ती आमच्या अंगणात पाय ठेवत नव्हती. चूक कुत्र्याची नव्हती, आमची होती.

पहिले तीन आठवडे : ऊब आणि आईचं दूध

कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. विण्याआधी आडोशाची, कोरडी जागा द्या. खाली गोणपाट आणि त्यावर जुने धुतलेले कापड अंथरा. पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे-कान बंद असतात आणि अंगातली ऊब त्यांना स्वतःला राखता येत नाही. थंडीत पिल्लू गारठलं तर आधी कुशीत घेऊन किंवा फडक्यात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीजवळ ठेवून त्याला ऊब द्या, दूध नंतर. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. पहिल्या दिवशीचा चीक प्रत्येक पिल्लाला मिळालाच पाहिजे. अशक्त पिल्लू मागच्या भरलेल्या सडाला लावा.

दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात. या काळात दूध पाजणाऱ्या कुत्रीला दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. ती थरथरू लागली, धापा टाकू लागली, पाय ताठ झाले, तर अंगातला चुना (कॅल्शियम) कमी पडला असं समजा. घरगुती उपाय करत बसू नका, तातडीनं पशुवैद्यकाकडे न्या.

खाणं

तीन-चार आठवड्यांची झाली की पिल्ले आईच्या ताटलीत तोंड घालू लागतात. मऊ भात, कुस्करलेली भाकरी, उकडलेलं अंडं, दही, बिनमसाल्याचं शिजवलेलं मांस असं पातळसर करून दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. नुसत्या भाकरी-ताकावर हाडं भरत नाहीत. कांदा, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला घातक आहेत, हे कांदा-द्राक्षवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावं. शिजवलेली हाडं देऊ नका, ती फुटून आतड्यात रुततात. कापलेल्या शेळी-मेंढीचे कच्चे अवयवही टाकू नका. त्यातून कुत्र्याला फीतकृमी होतो आणि त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात पाण्याच्या गाठी होतात.

जंत, गोचीड आणि लस

पिल्लांना जंत आईच्या पोटातूनच येतात. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरवड्याला जंताचं औषध द्यावं लागतं, आणि आईलाही. मात्रा वजनावर ठरते, ती डॉक्टरांना विचारा. मी शेतीचा पदवीधर, पशुवैद्य नव्हे. पण एक गोष्ट ठामपणे सांगतो : गोचीड मारायला पिकावरचं कीटकनाशक पिल्लाच्या अंगाला लावू नका. त्यानं पिल्लू मरतं.

सहा ते आठ आठवड्यांची झाली की रक्ती हगवण आणि डिस्टेंपर या रोगांवरची लस सुरू करा, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा डोस, आणि मग दरवर्षी.

माणसाळवणं

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत पिल्लू जे पाहील ते त्याला आपलं वाटतं. पुढे नवं दिसलं की ते भितं, आणि भ्यालेलं कुत्रं चावतं. म्हणून या दिवसांत रोज थोडा वेळ त्याला हाताळा. पंजे, कान, तोंड उघडून पाहा. घरातली बाई, म्हातारी, शाळेतून आलेली पोरं, दूधवाला अशी निरनिराळी माणसं त्याच्या जवळ येऊ द्या. पोरांनी खाली बसूनच पिल्लू घ्यावं, शेपूट ओढू नये. ट्रॅक्टर, मोटरपंप यांचा आवाज आधी लांबून ऐकवा. शेळ्या-मेंढ्यांत आणि कोंबड्यांत आपल्या देखरेखीखाली सोडा, म्हणजे मोठेपणी त्यांच्या मागे लागणार नाही. हात चावला तर मारू नका, खेळ थांबवा.

लस पुरी होईपर्यंत मात्र बाजारात, उकिरड्यावर किंवा अनोळखी कुत्र्यांत नेऊ नका. माणसं घरी बोलवा, पिल्लाला गावभर फिरवू नका.

पिल्लू कुणाला द्यायचं असेल तर आठ आठवड्यांआधी आईपासून तोडू नका. भावंडांत खेळताना दात किती लावायचा, हे ते याच वयात शिकतं. माणसाळलेलं कुत्रं राखण करत नाही, ही समजूत चुकीची आहे. ते ओळखीच्यावर भुंकत नाही, अनोळखी चाहुलीवर भुंकतंच.

रात्री पिल्ले बंद जागेत ठेवा. अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला.

चावलंच तर

पिल्लू चावलं तरी दुर्लक्ष करू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा. पोटात घ्यायची चौदा इंजेक्शनं आता बंद झाली आहेत. हल्ली दंडात मोजकीच घ्यावी लागतात, पण सगळी पुरी करा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं.

तेव्हा मंडळी, ऊब, दूध, जंताचं औषध, लस आणि माणसांची सवय या पाच गोष्टी तीन महिने सांभाळा. पुढची दहा-बारा वर्षं तुमची वस्ती तो सांभाळील.